पंचेचाळीस मिनिटं

रास्मुस विचारतो, हा आकडा इथे असा का?
सगळीकडे तर वीस असतात.
मी चष्मा कपाळावर सरकवते.
खिडकीबाहेर रूमासारेचा धक्का, पाण्यावर बर्फाची साय,
आणि आब्रुका बेटाची होडी
दोरखंडाला हिसके देत उभी.

शुक्रवारी हा सर्व्हर बंद होणार.
त्याआधी पोराला समजावून द्यायचंय
चोवीस वर्षं चार फाईलींत कशी मावली ते.

हे बघ, ही मंडळी आपण घडवलेली नाहीत.
पान उघडायच्या आधीच हजर असतात,
न नेमता, न बोलावता,
स्वयंपाकघरात मीठ असावं तशी.

रिक्वेस्ट दारातला.
येणाऱ्याच्या हातात काय आहे तेवढंच बघतो:
नाव, तारीख, माणसं किती, मेंढ्या किती.
मेंढ्यांचा रकाना मागाहून आला,
हेल्योने याच टेबलावर मूठ आपटल्यावर.

रिस्पॉन्स बोलका.
पण तोंडातून निघालेलं मागे घेता येत नाही त्याला.
अर्धं पान पाठवून झाल्यावर
'आता दुसरीकडे ने' म्हणालास, की अडून बसतो.
एक अख्खा मार्च गेला माझा यात.
हस, हस.

सर्व्हर जुना गडी. कुठली वही कुठल्या फळीवर,
ते त्यालाच विचारायचं.

अ‍ॅप्लिकेशन म्हणजे सगळ्यांची मिळून एक पाटी.
चोवीस जागा, आकडा एकच.
खोडण्याआधी कुलूप लाव, लिहून झालं की काढ.
पहिल्या वर्षी मी विसरले,
आणि जूनमधल्या शेकोट्यांच्या रात्री
शेवटची जागा एकाच क्षणी दोघांनी घेतली.
ताव्हेत आणि उर्वे. दोघांकडे खरी तिकिटं, बसायला एक फळी.
अर्धा तास अंग चोरून बसले.
पुढच्या उन्हाळ्यात आरक्षण एकाच नावावर आलं.
मी तरीही कुलूप घातलं.

राहिला सेशन.
प्रत्येक प्रवाशामागे याचा एक खण,
आणि वीस मिनिटं हालचाल नाही दिसली
की खण रिकामा, पाटी कोरी.

एंडेल जाळी विणायचा. उजव्या हाताची तीन बोटं
चरखीत गेलेली, डाव्या तर्जनीने टंकायचा.
नाव लिहून उठायचा, चुलीत लाकूड सारायचा,
तारीख बघायला भिंतीपाशी जायचा,
कुत्र्याला बाहेर सोडून परत यायचा,
आणि तिसऱ्या पानावर बटण दाबलं
की माझं पान त्याला विचारायचं: आपण कोण?

दर गुरुवारी क्युरेसारेला जायचा तो,
साल्मेच्या शुश्रूषागृहात, भेटीच्या वेळेत.

एकदा फोनवर म्हणाला,
मायमू, तुझं यंत्र मला ओळखत नाही.
मग थोडं थांबून,
राहू दे, तशी सवय आहे.

दुसऱ्या दिवशी मी टपालाच्या होडीने बेटावर गेले.
त्याच्या स्वयंपाकघरात घड्याळ समोर ठेवून बसले,
चहा घेतला, मदत मात्र केली नाही.
एक्केचाळीस मिनिटं.
चार कुत्र्यासाठी वाढवून दिली.

रास्मुस पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघत राहतो.
कुठे लिहून का नाही ठेवलंस?
काय लिहिणार होते?

एंडेल जाऊन चौदा हिवाळे झाले.
त्याच्या आधीच्या वसंतात साल्मे.
आकडा तसाच राहिला. कुणाला नडला नाही,
थोडी मेमरी जास्त खाल्ली, एवढंच.

नव्या प्रणालीत किती? मी विचारते.
पंधरा, तो म्हणतो, नजर न उचलता.
बाहेर होडीचा भोंगा होतो. त्या आवाजातच तो काहीतरी टंकतो,
काय ते मला इथून दिसत नाही.

मग खुर्ची वळवून:
मेंढ्यांचा रकाना ठेवायचा का गं?

ठेव.